शनिवार-रविवारचं पाणी

ता. ३ मार्च १९४५, शनिवार
सकाळी मामंजी बैल घेऊन विहिरीवर गेले, तर बापूची मोट आधीच चालू. शुक्र-शनि-रवि आमची पाळी, सोम-मंगळ-बुध त्यांची, गुरुवारी विहीर पाझरू द्यायची. आजेसासऱ्यांपासूनचं हे असंच. बापू सख्खा चुलत दीर. म्हटलं, दिवस चुकला असेल. मी गेले. म्हणाला, "दिवस चुकला न्हाई वैनी. उन्हाळा लागला, शनवार-रयवार आता आमचा. शिवादादानंच दिलाय."
हे तर तिकडं इटलीत, लढाईवर. दिला कधी? कुणासमोर?
मामंजी बैल वळवून घरी आले.

ता. ६ मार्च, मंगळवार
ह्यांना पत्र टाकलं. सरळ विचारलं, बापूला पाणी दिलंत का. उत्तर यायला दीड महिना तरी. ऊस तेवढा थांबायचा नाही. लागण पावणेदोन महिन्यांची, आठव्या दिवशी पाणी पाहिजेच.
बापू खोटं बोलतोय. माणूस लांब गेला की त्याच्या नावावर काहीही खपतं.

ता. ११ मार्च, रविवार
शुक्रवारच्या एका दिवसात वरचे पाच वाफे भिजले. खालच्या उसाची पानं वळायला लागली. बापूचा बांध ओलागच्च.
दुपारी पलटणीतल्या चौघांच्या बायका पत्रं लिहायला आल्या. गावात येणारं प्रत्येक लष्करी पत्र मीच वाचते, उत्तरही मीच लिहिते. कुणाचा नवरा काय खातो, कुणाचा कशाला रडतो, सगळं मला ठाऊक. बापूची आई, थोरल्या आत्याबाई, त्यांच्या पांडूची, म्हणजे बापूच्या भावाची, पत्रं घेऊन येत. पांडू ह्यांच्याच तुकडीत. दिवाळीपासून आल्या नाहीत. आज एकीनं विचारलं तेव्हा लक्षात आलं.

ता. १८ मार्च, रविवार
तासगावला कोर्टात जायचं म्हणजे स्टॅम्प, वकील, तारखा. तोवर उसाचं चिपाड होईल. लोकांचं पंचमंडळ एका बैठकीत निकाल देतं म्हणतात. सरकारला मंजूर नाही, म्हणून बैठकीची जागा आयत्या वेळी कळवतात. गेल्या महिन्यात वाण्याच्या भिंतीचा वाद अर्ध्या दिवसात मिटला. दोघांनी मानलाही.
मी अर्ज लिहिला. अर्जदार अनसूया. सामनेवाला बापू. मागणी: आमची पाळी आम्हाला मिळावी. मामंजींना वाचून दाखवला. म्हणाले, "नगं पोरी. घरातलं घरात ऱ्हाऊ दे." मी ऐकलं नाही. जरा टाकूनच बोलले त्यांना.

ता. २५ मार्च, रविवार
बैठक झाली. उसाचं गाळप संपलंय, त्या रिकाम्या गुऱ्हाळाच्या खोपीत. पंच तिघे. आमच्या शाळेचे जुने मास्तर, रहिमानभाई तांबोळी, आणि एक पाटणकडचे भूमिगत, त्यांचं नाव विचारायचं नाही. गावातली तीस-चाळीस माणसं. बायकांत मी, आत्याबाई, आणखी दोघी.
मी उभी राहिले. आजेसासऱ्यांपासूनची पाळी सांगितली. विहीर खोल केली तेव्हा माझ्या पोटात सुमन होती, सातवा महिना होता, तरी मुरूम-दगड डोक्यावर मी वाहिलेत, हे सांगितलं. ह्या माणसानं माझ्या डोक्यावरची पाटी बघितली आहे, असं बापूकडं बोट करून म्हणाले. बापूनं मान खाली घातली. मला वाटलं, जिंकले.
मग मास्तरांनी विचारलं, "बापू, तुझ्याकडं पुरावा काय?"
त्यानं बंडीतनं पाकीट काढलं. लष्करी पाकीट. मास्तर हात पुढं करत होते, तर म्हणाला, "वैनीलाच वाचू द्या मास्तर. अक्षर तिला ठावं हाय. मागनं कुणी खोटं म्हणाया नगं."
अक्षर ह्यांचं.
वाचलं. मोठ्यानं वाचलं, सवयच ती. भाद्रपदात गोळीबारात ह्यांचा डावा पाय फुटला. पांडूनं पाठीवर घेऊन ओढा ओलांडला, त्यात त्याच्या उजव्या हाताचा पंजा गेला. "पांडू आता नांगर धरू शकणार नाही. मी त्याला शब्द दिला आहे. शनिवार-रविवारचे पाणी तुमचे. पांडू माघारी येईल तेव्हा या पाण्यावर पिकलेल्या उसावर जगेल." आणि खाली, "अनसूयेला यातले काही कळवू नये. बाबांना सांगावे."
तिथं मी कागद खाली घेतला. मास्तरांनी हातातला कागद घेतला आणि उरलेल्या दोन ओळी त्यांनी वाचल्या. काय होत्या, ऐकू आलं नाही.
पाय फुटला हेही मला ठाऊक नव्हतं. मला आलेल्या पत्रांत "मी खुशाल आहे".

ता. २६ मार्च, सोमवार
काल पुढचं लिहिलं नाही. निवाडा असा. मास्तर म्हणाले, जमीन शिवरामच्या नावावर, शब्द त्याचा, तो मोडता येत नाही. पाटणकडचे म्हणाले, तेच. रहिमानभाई एकटे बोलले, "शबुद त्याचा. पर मुरूम हिच्या डोक्यावरचा हाय. हिला कुणी इचारलं का?"  शेवटी ठरलं, हे येईपर्यंत शनिवार माझा, रविवार बापूचा. दोघांनी सही करायची.
बापूनं अंगठा उठवला. मास्तरांनी टाक माझ्याकडं दिला. मी म्हटलं, मी सही करणार नाही. "अगं, अर्धं मिळतंय की!" म्हणाले. करणार नाही. मग मास्तर म्हणाले, शिवराम आल्यावर परत बसू, तोवर निवाडा खोळंबला. म्हणजे दोन्ही दिवस बापूकडंच.
मामंजी काल जेवले नाहीत, आज सकाळी चहालाही नाही म्हणाले. मग आपणच म्हणाले, "मला ठावं हुतं पोरी. दिवाळीलाच बापूनं सांगितलं." पाच महिने माझ्या हातची भाकरी खाऊन...
बापू मुकाट राहिला असता तर बरं झालं असतं. खोटारडा म्हणून त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

ता. ३ एप्रिल, मंगळवार
आत्याबाई आल्या. उंबऱ्यातच बसल्या. "तुज्याकडं पत्रं आणायची बंद केली मी. तू वाचली असतीस तर तुला कळलं असतं. शिवानं आण घातली हुती."
मी म्हटलं, मग वाचून कोण द्यायचं?
"शेजारच्या गावचा मास्तर. लय लांब पडतं गं." मग एकदम रडायला लागल्या. "माज्या पोराचा हात गेला. तुजा दादला जित्ता हाय. दोन दिस पाणी जड झालं व्हय तुला?"
काय सांगू त्यांना. पाणी जड नाही. मला पत्र आलं असतं, पांडूनं असं केलं, आपण पाणी देऊ, तर मीच जाऊन त्यांच्या मोटेला नारळ फोडला असता. मला विचारलं असतं तर. एवढंच बोलले. त्या म्हणाल्या, "बाईला कोण इचारतं गं?" आणि डोळे पुसून उठल्या. जाताना ताकाचं गाडगं ठेवून गेल्या. मी ते तसंच बापूच्या दारात नेऊन ठेवलं.

ता. २० एप्रिल, शुक्रवार
ह्यांचं उत्तर आलं. माझं पत्र मिळाल्याचं लिहिलंय. मग बैलांची चौकशी, सुमनच्या शाळेची. "पाण्याचे समक्ष बोलू. दवाखान्यातून सुटका होत आहे." कोणता दवाखाना, का, काही नाही. मला सगळं माहीत झालंय, हे अजून ह्यांना माहीत नाही.
खालचे तीन वाफे गेले. ऊस उपटून बैलांना घातला.
पलटणीतल्या बायका पत्रं घेऊन आल्या तेव्हा मी परत पाठवल्या. डोळे दुखतात म्हटलं. दुसऱ्याचं लपवलेलं वाचायची आता भीती वाटते.

ता. १३ मे, रविवार
हे आले. स्टेशनावरनं बैलगाडीनं. काठी घेऊन चालतात, डावा पाय ओढत. गाव गोळा झालं. मी ओवाळलं. भाकरीचा तुकडा उतरून लांब भिरकावला. ह्यांना वाटलं आनंदानं.
संध्याकाळी पाय धुताना जखम बघितली. पोटरीचं मांसच नाही. बोट नुसतं जवळनं फिरवलं. मी रडले. ते खरं होतं. त्यातच मी विचारलं, मला का लिहिलं नाही?
"तू घाबरली असतीस."
आणि पाणी?
"तू नाही म्हणाली असतीस."
बारा वर्षं संसार झाला. मी कधी कशाला नाही म्हटलं, ते सांगा म्हटलं.  मग म्हणाले, पाय ठणकतोय.

ता. १९ मे, शनिवार
पांडूही परवा आला. बापूच्या मोटेवर उभा राहून डाव्या हातानं कासरा धरायला शिकतोय. सारखा सुटतो. मला बघून खाली उतरला, म्हणाला, "वैनी, मी काय बी मागितलं न्हवतं." त्याच्यावर राग येत नाही. आला असता तर सोपं होतं.
मास्तरांचा निरोप आला. उद्या बैठक. जुनीच खोप. मी, हे आणि बापू, तिघांनी यायचं.
मी ह्यांना विचारलं, पंचांपुढं काय सांगणार?
"शब्द दिलाय, तो दिलाय. तू सही करून टाक. गावात शोभा नको." मग जरा हलक्या आवाजात, "तू काय सांगणार आहेस?"

मास्तरांनी माझा जुना अर्ज परत पाठवलाय, काही बदलायचं असेल तर बदला म्हणून. घेऊन बसलेय. मागणीत पाणी खोडलं. मला पाणी नको. तिथं लिहिलं, मला न विचारता माझं दिलं गेलं, ते बरोबर की चूक, एवढं पंचांनी सांगावं. वर सामनेवाल्याच्या जागी बापूचं नाव होतं, तेही खोडलं. ह्यांचं नाव तोंडानं मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. पाकिटांवर शंभरदा लिहिलंय.
हे ओट्यावर बसून मामंजींशी बोलताहेत. नावाची जागा अजून कोरी आहे.