भरलेल्या टाकीची मोटर

वसमत,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. साधनास,

अनेक आशीर्वाद. नांदेडला तू आणि विजयकुमार मजेत असाल. इथे तुझ्या सासूबाईंचा गुडघा बरा आहे, आणि माझ्या दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागली आहे.

एक बातमी. तुझी समुद्राच्या पाण्याची सहा फुटी टाकी, मासे आणि प्रवाळ ठेवायची, मी पुन्हा चालू केली. हसू नकोस. चाळीस वर्षं विहिरींचं पाणी हलवलं, समुद्राचं हलवायला असं काय लागतं, म्हणून बसलो आणि महिनाभर तोंडघशी पडलो.

आधी एकच दणकट पंप लावला, थेट प्रवाळाच्या तोंडावर. आपल्याकडे पंप पारखायचा तो धारेवर! हैदराबादहून मागवलेला पहिला तुकडा दोन दिवसांत एका बाजूने सोलून निघाला. मग कळलं, याला धार नको, येरझारा हव्यात. आता दोन्ही टोकांना एकेक पंप आहे, तोंडं काचेकडे वळवलेली, म्हणजे पाणी काचेवर फुटून पसरतं. एक थांबला की दुसरा सुरू. ते बदलणारं सर्किट माझ्या हातचं. पंप मात्र विकतचे, कारण मी मोटरीत गुंडाळतो ते तांबं या जिवांना विष, हे तूच सांगितलं होतंस. खाद्याचा चुरा टाकून बघतो, कुठे साचतो ते. डावीकडच्या दगडामागे साचायचा. दगड चार बोटं पुढे ओढला, काम झालं. लाईट गेली तर सगळं इन्व्हर्टरवर. अशी टाकी या तालुक्यात दुसऱ्या कोणाची असेल तर दाखव.

पण एवढ्यासाठी फोन पुरला असता. परवा तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर टाकीपुढं बसून राहिले तुमी. सूनबाईला खरं काहून सांगत न्हाई?"

तर ऐक. गेल्या वर्षी तुम्ही इथेच राहत होतात; मे महिन्यात तू विजयकुमारला घेऊन कळमनुरीला माहेरी गेलीस, तेव्हा पंपाचं बटण तू बंद केलं नव्हतंस. मी केलं. तुझ्या सासूबाई आणि मी दुपारी बाळापूरच्या लग्नाला निघालो होतो. जाता जाता पाहिलं, टाकी काठोकाठ भरलेली आणि मोटर चालूच. भरलेल्या टाकीची मोटर बंद करायची, ही हाताची जुनी सवय. विचारसुद्धा केला नाही. पाणी हलायचं थांबलं, त्यातली हवा संपली; तिसऱ्या दिवशी परतलो तर मासे मरून तरंगत होते आणि प्रवाळ पांढरं पडलं होतं.

तू आल्या आल्या म्हणालीस, "माझ्याच हातून बंद झालं असंल, मामा." मी गप्प बसलो. विजयकुमार तुला सगळ्यांदेखत वेंधळी म्हणाला, तेव्हाही गप्प बसलो. गिऱ्हाइकापुढे मी कधी चूक लपवली नाही. तुझ्यापुढे लपवली, कारण मोटरींच्या बाबतीत तू मला फार हुशार समजत होतीस. मला त्याची लाज वाटते.

विजयकुमार सांगत होता, नांदेडच्या घरात तू साधी तुळससुद्धा लावत नाहीस. माझ्या हाताला काही जगत नाही, म्हणतेस. ते ऐकलं त्या दिवशी मी टाकी धुवायला काढली आणि तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही, पोरी. हे पत्र विजयकुमारला मोठ्याने वाचायला लाव. नंतर मला काय बोलायचं ते खुशाल बोल, मी ऐकून घेईन. पाणी तयार आहे, मी ते चालतं ठेवीन. पण प्रवाळाचा पुढचा तुकडा मी लावणार नाही. तो तू लावायचा.

तुझ्या माथी मारलेला दोष ज्याचा होता तो,
रामकिशन