वीस डावे हात

ती. आई,

मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतोय?

पण डोकं फिरलंय माझं. नऊ वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवतेय, तरी प्रमाणपत्र नाही म्हणून मला नवशिक्यांच्या प्रशिक्षणात बसवलं! वाटलेली पुस्तिका म्हणजे माझीच टिपणवही, वर नाव साहेबांचं. न वाचताच छापली मेल्यानं.

मी डावखुरी, म्हणून माझ्यापुरतं लिहिलं होतं, 'पिपेट डाव्या हातात.' आज वीस जण डाव्या हाताने थेंब सांडत होते आणि साहेब ओरडत होते, "पुस्तिकेत आहे तसंच करा!"

तुझ्या चापट्या खाऊनही सुटला नाही गं हा हात. माझा एक थेंब सांडला नाही.

साहेबांनी सगळ्यांना माझ्या टेबलाभोवती बोलावलं. म्हणाले, "बघा, नीट शिकवलं की जमतं!"

तुझी,
डावखुरी