आतली खोली वत्सलाबाईंची

कपाट जिन्याच्या वळणावर अडकले आहे. खाली दोन हमाल आहेत, वर माझा भाचा रंगनाथ आहे, आणि तो "उभं करा, उभं करा" असे ओरडतो आहे. कपाट त्याचे आहे. घर माझे आहे. मी अजून जिवंत आहे. कपाट निघेपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात हे लिहून घेते.

मी, चांगुणा भिकन गांगुर्डे, वय सहासष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार दुसरा मजला, रविवार कारंजा, नाशिक, पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. जिन्यातून आदळआपट ऐकू येते, तिला धाक समजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी कोणी कपाट आणले नव्हते.

एक. घर.

ही जागा मी १९७४ साली वत्सलाबाईंकडून विकत घेतली. इमारत तेव्हाच जुनी होती. भाऊ म्हणाला, "सातपूरकडे प्लॉट घे, मोकळी हवा आहे." मोकळी हवा मी पुष्कळ खाल्ली आहे. देवळ्याजवळच्या आमच्या खेड्यात आमची घरे गावाबाहेर होती. मला गावाच्या मधोमध राहायचे होते. इथे खाली भांड्यांची दुकाने आहेत, लग्नसराईत बँड वाजतो, गणपतीत झोप नसते. मला त्रास होतो. तो मी विकत घेतला आहे.

सौद्यात एक अट होती, ती खरेदीखतात नाही. वत्सलाबाई मरेपर्यंत आतल्या खोलीत राहणार. त्या विधवा, मूलबाळ नाही. रिकामी जागा हवी असणारे सगळे परत गेले. मी कबूल झाले. तेव्हा इमारतीचे सेक्रेटरी खंडेराव त्यांना माझ्यासमोरच म्हणाले, "आडनाव ऐकलंत ना?"

"ऐकलं. कान आहेत मला," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी कोण मला ठेवून घेतंय, ते सांगा."



"मी काय, दोन वर्षांची पाहुणी," असेही त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. मी विश्वास ठेवला. बारा वर्षे झाली. आज त्या ब्याऐंशीच्या आहेत आणि त्यांचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत.

सुरुवातीला त्यांनी आपला माठ वेगळा ठेवला. मीही माझा वेगळा ठेवला. एका मे महिन्यात त्यांचा माठ फुटला. माझ्यातले पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "तुझा माठ बरा गार करतो." या विषयावर आमचे एवढेच बोलणे झाले. सिंहस्थात मात्र त्यांनी आपले नातेवाईक माझ्या बाहेरच्या खोलीत उतरवले. बुद्धाच्या तसबिरीखाली महिनाभर सोवळी वाळत होती. हे मी विसरलेले नाही.

मी गेल्यावर रंगनाथ त्यांना बाहेर काढील. हा आरोप नाही, तो स्वतःच बोलला. "म्हातारीला मनमाडला धाडू, तिच्या पुतण्याकडे." तो पुतण्या सिंहस्थात जेवून गेला, त्यानंतर त्याचे पत्र नाही. वत्सलाबाईंचे कागदावर काही नाही. म्हणून हा कागद.

घराची मालकी रंगनाथला. आतली खोली आणि स्वयंपाकघर व मोरीचा वापर वत्सलाबाईंना, त्या हयात असेपर्यंत. तोवर घर विकता येणार नाही. रंगनाथला हवे तर त्याने बाहेरच्या खोलीत येऊन राहावे. मी राहिले. त्याने वत्सलाबाईंना काढले किंवा जाणे भाग पाडले, तर त्याचा हक्क संपेल आणि घर देवळ्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला जाईल.

दोन. शिलाई मशीन रंगनाथची बायको सुलाबाई हिला. ती नवऱ्यापेक्षा कमी बोलते आणि सरळ शिवते. पुस्तके शाळेला. मुख्याध्यापकांना घरी नेऊ देऊ नयेत.

तीन. माझे तेरावे घालू नये. वत्सलाबाई ऐकणार नाहीत. त्यांनी घातलेच, तर खंडेरावांना जेवायला बोलावू नये.

येथवर लिहून साक्षीसाठी हाका मारल्या. खंडेराव वरच्या मजल्यावरून आले. खालचा इस्त्रीवाला पुंजाराम कपाटाखालून वाकून आला. खंडेरावांनी सर्व वाचले. तिसरे कलम दोनदा वाचले. तेवढ्यात वत्सलाबाई आतून आल्या.

"मी पण सही करते."

"तुमची नको," मी म्हणाले.

"का? माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे."

"वकील म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको."

"मला काय मिळतंय?"

"आतली खोली."

"ती माझीच आहे."

"ती तुम्ही विकलीत, वत्सलाबाई."

"विकली. सोडली कुठे?"

रंगनाथ दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले. "आत्या, रक्ताचं काही नाही का गं?"

"आहे. म्हणून मालकी तुझी."

"आणि ही म्हातारी शंभर वर्षं जगली तर?"

"जगेन की," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुला कसली घाई आहे?"

पुंजाराम हसला. रंगनाथ हमालांना म्हणाला, "खाली घ्या." वर येताना अडलेले कपाट खाली जाताना कुठेच अडले नाही.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. बदलणार नाही. मी साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: चांगुणा भिकन गांगुर्डे

साक्षीदार:
१. खंडेराव, तिसरा मजला (तिसरे कलम मान्य नाही, तरी सही केली आहे)
२. पुंजाराम, इस्त्रीचे दुकान, तळमजला

नाशिक, रविवार, १६ फेब्रुवारी १९८६

सोमवार. सकाळी नोंदणी कचेरीत गेलो. साक्षीदार चालत आले, आम्ही दोघी रिक्षाने. रंगनाथ आला नाही. मृत्युपत्र नोंदवले गेले. कारकुनाने वत्सलाबाईंकडे पाहून मला विचारले, "या तुमच्या कोण?" वत्सलाबाई त्याला म्हणाल्या, "ही माझ्याकडे राहते."