गाठी कापलेल्या रेकॉर्डी

उद्धवभावजी,

शिफ्टवरून आलात की ही चिठ्ठी यांना मोठ्याने वाचून दाखवा. यांना दिसत नाही, म्हणून तुम्हाला त्रास.

मी चिखलीला भावाकडे जाते आहे. भाकरी टोपलीत आहे, पिठलं तेवढं गरम करून घ्या.

कंपनीत यांचे डोळे गेले, तेव्हा रेकॉर्डी हाताला कळाव्यात म्हणून प्रत्येकीच्या पाकिटाला मीच दोरा बांधला होता. अभंगाला एक गाठ, नाट्यगीताला दोन, यांच्या लाडक्या ठुमरीवाल्या बाईंना तीन. आज ते सगळे दोरे मी कापले. पाकिटं बंबात घालून यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. तबकड्यांवरची नावंही ओल्या फडक्याने घासून काढली, म्हणजे तुमच्या डोळ्यांचा यांना उपयोग व्हायला नको. मग पत्ते पिसतात तशा पिसून कपाटात लावून ठेवल्या.

काल मी देवळात गेले होते, तेवढ्यात रेकॉर्डींना जागा हवी म्हणून यांनी कपाटातले माझे देव पिशवीत भरले आणि तुम्ही ते पवना नदीत सोडून आलात. माझ्या आईने दिलेले होते ते. मी रडले तर हे म्हणाले, "अगं, देव सगळे सारखेच. बाजारातून दुसरे आण." तुम्ही हसलात. पूजा झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता यांच्या रेकॉर्डीही सगळ्या सारख्याच आहेत. बाई हव्या असतील तर एकेक लावून बघा म्हणावं. फोडलेली एकही नाही. आज माझी एकादशी आहे. उपासाच्या दिवशी मी कुणाला दुखवत नाही.

तुमची वहिनी