कालवणातलं कूट

॥ श्री ॥
बोईसर, ८ जानेवारी २०२५

ती. तानीवन्सं यांना मंगलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. म्हणून मेहुलच्या भाजीच्या टेम्पोबरोबर चिठ्ठी पाठवतेय.

तुमच्या भावाचं आता बरंच बरं आहे. मनोरच्या वळणावर मोटारसायकल घसरली, डोक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. आता काठी धरून ओट्यापर्यंत चालतात. व्यायाम घ्यायला जागृती नावाची मुलगी येते. तिने बोटांसाठी मटार सोलायला बसवलं, तर अर्धे दाणे पातेल्यात आणि अर्धे तोंडात. बोटं चालतात याची सगळ्यांना खात्री पटली.

पण वन्सं, ते माझ्याशी फार चांगलं वागतात. चहा दिला की "आभारी आहे, ताई" म्हणतात. जेवले की "तुम्हाला उगाच त्रास" म्हणतात. शेजारची वर्षाराणी म्हणते, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मला मात्र धडकी भरते. अठ्ठावीस वर्षांत या माणसाने माझ्या चहाला कधी बरं म्हटलेलं नाही. काल हळूच विचारत होते, ताई, मला घरी कधी सोडणार, आमची मंडळी वाट बघत असेल. मी मोरीत जाऊन रडले. मंडळी समोरच उभी होती हो.

मनाविरुद्ध काही करू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून दाण्याचं कूट मी घरातून हद्दपार केलं. तुम्ही पाठवलेले नारळ वाटून एडवणच्या पद्धतीचं कालवण करते. माझं माहेर जालन्याचं हे मीच विसरत चाललेय. तरी त्यांना ओळख पटत नाही. काय करू, कळवा.

तुमची माया अशीच पाठीशी राहू द्या.
तुमची, मंगला

॥ श्री ॥
एडवण, ११ जानेवारी २०२५

चि. सौ. मंगला हिस तानीचे अ. उ. आ.

आमी इकडे खुशाल हाय. तुझं पत्र मी वाचलं, मग शेजारच्या देवूकडून परत वाचून घेतलं, कारण विश्वास बसेना. धर्माजी आभारी आहे म्हणाला? आईने ताट वाढलं की हा आधी नाक मुरडायचा आणि मग ताट चाटूनपुसून साफ करायचा. माझ्या सासरी जेवायला आला की मात्र मान खाली घालून सगळं गोड मानून खायचा. नाक मुरडत नाय तिथे तो पाहुणा असतो, एवढं मला कळतं.

बाई गं, तूच त्याला पाहुणा केलंस, आणि नारळ पाठवून मीपण हातभार लावला. तुझं लग्न झाल्यापासून तो माझ्याकडे येऊन एकच रडगाणं गातो, ही सुक्या बोंबलात दाण्याचं कूट घालते. नारळाचं कालवण मी करते, सगळं गाव करतं. त्यावरून त्याला तुझं घर कसं ओळखू येणार?

यावेळी नारळ पाठवत नाय, शेंगदाणे पाठवतेय. भाजून कूट कर आणि हात आखडू नको. जरा खेकस त्याच्यावर. डॉक्टरला सांगायची गरज नाय.

मी भेटायला येत नाय म्हणून रागावू नको. मलापण ताई म्हणेल, पण परक्या बाईला म्हणतात तसं म्हणाला तर मला सोसायचं नाय.

जिवाला जप, त्याच्यापण आणि तुझ्यापण.
तानी

॥ श्री ॥
बोईसर, १५ जानेवारी २०२५, किंक्रांत

ती. तानीताईस धर्माजीचा नमस्कार.

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. जागृती म्हणते रोज चार ओळी लिहा, म्हणून तक्रार लिहायला घेतली.

काल संक्रांतीला सगळे गोड बोलले, मीही बोललो. आज मंगलाने बोंबील केले. पहिल्या घासालाच डोकं फिरलं. पुन्हा कूट. ताट सरकवून विचारलं, मंगला, रिक्षाने समुद्र गाठता येतो, तुला नारळ कधी दिसणार? तर ही हातातली पळी टाकून माझ्यासमोर फतकल मारून रडायला लागली. मग हसायला लागली. मग वर्षाराणीला हाक मारून सांगितलं, हे माझ्यावर ओरडले. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. दुपारी जागृती आली, तर तीही म्हणते, काका, परत एकदा ओरडा. मार माझ्या डोक्याला लागलाय की यांच्या?

शेंगदाणे कुणी पुरवले ते मला कळलंय. पिशवीला तुझी गाठ होती, सुटता सुटत नव्हती. जाब द्यायला स्वतः ये. कालवण मी दोनदा वाढून घेतलं, ते मात्र हिला कळवू नकोस.

मधलं मला फारसं आठवत नाही. कुणा बाईंच्या घरी राहायला होतो. फार मायाळू बाई. नारळाचं कालवण झकास करायच्या, एका शब्दाने कधी दुखवलं नाही. पण सारखं वाटायचं, घरी जावं. निघताना त्यांचा निरोप घ्यायचा राहिला. त्यांना भेटून यावं म्हणतो. मंगलाला बोलू नकोस, उगाच मनाला लावून घेईल.

तुझ्या रागालोभाचा धनी,
धर्माजी

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. त्या बाईंना निरोप पोचला. मंगला