सिलिंडर भिंतीपलीकडेच राहील

मी, आर्डिस फोलब्रेख्ट, कै. एर्विन फोलब्रेख्ट यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार शेबॉयगन, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. माझ्या गोळ्या रक्तदाबाच्या आहेत, डोक्याच्या नाहीत. कोणी मला भरीस घातलेले नाही. घालू पाहणाऱ्यांना मी कॉफी पाजून परत पाठवले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर माझी एकुलती मुलगी मार्लीस हिला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी थंडीत अडकते. ठोसा खालून मारावा.

२. बँकेतली शिल्लक गावच्या वाचनालयाला. आठवीनंतर मला शाळेत कोणी पाठवले नाही; पुढचे तिथल्या कपाटांनी शिकवले.

३. एर्विनची अवजारे गॅरेजवाल्या मिलोला. मांस भाजायचे मोठे भांडे मात्र चर्चच्या बायकांना देऊ नये. मागच्या वेळी ते पोचा पडून परत आले आणि एकीनेही तोंड उघडले नाही.

४. तळघरातला बिअरचा फ्रिज माझा धाकटा दीर डेल्मर याला. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

जुन्या फ्रिजच्या दाराला तोटी बसवून, आत बिअरचे पिंप ठेवून एर्विनने तो बनवला; पिंपे डेल्मर आणून द्यायचा. पिंपातली बिअर तोटीपर्यंत ढकलणाऱ्या वायूचा सिलिंडर आत मावेना, म्हणून भिंतीपलीकडे कपडे धुवायच्या खोलीत ठेवला आणि भिंतीला भोक पाडून नळी आणली. वायू कुठूनतरी झिरपायचा, त्यामुळे काम झाले की सिलिंडर बंद करावा लागे. शुक्रवारी मासे तळून झाले की तो तोटीशी, मी सिलिंडरशी.

"सोड!"

"सोडला!"

"बंद कर!"

आमचा संसार बराचसा या भिंतीतून चालला.

एर्विनच्या अंत्यविधीच्या जेवणात मार्लीस सगळ्यांसमोर म्हणाली, "डेल्मरकाका, तुझ्या त्या पिंपांनीच माझ्या बाबांना नेलं." डेल्मरने टोपी उचलली आणि तो निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही. एर्विनच्या हृदयाची झडप जन्मापासून सदोष होती, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. मी ते मार्लीसला सांगितले. तिने ऐकले, मानले नाही. म्हणून येथे पुन्हा लिहून ठेवते.

फ्रिज दोन हिवाळे बंद राहिला. मग मी वाचनालयातून दुरुस्तीचे पुस्तक आणले आणि फ्रिजचे दार उघडले. वासाचे वर्णन करत नाही. डेल्मर मदतीला आला, पण मार्लीस घरी नाही याची खात्री करूनच. आम्ही दाराचे रबर बदलले, सगळ्या नळ्या नव्या घातल्या, तोटी सुटी करून भांड्यांच्या टबात भिजवली. पहिला ग्लास नुसता फेसाचा निघाला, एर्विनचा निघायचा तसाच.

"वहिनी, भावाच्या हाताची चव आली बघ!" डेल्मर म्हणाला. मी हसले. पुष्कळ दिवसांनी.

मग तो म्हणाला, "आता लहान सिलिंडर मिळतो. आतच बसवतो, गळतीही काढतो. एकट्यालासुद्धा जमेल."

"म्हणूनच नको," मी म्हणाले. "आहे तिथेच राहू दे."

५. फ्रिज जिन्यातून वर निघत नाही, तेव्हा तो घरातच राहील आणि डेल्मरने शुक्रवारी तिथे यावे. त्याचे गुडघे गेले आहेत. कठडा धरून तो जिना एकदा उतरेल, पण भिंतीला वळसा घालून पुन्हा पुन्हा ये-जा करणे त्याला जमत नाही. सिलिंडरशी मार्लीसने उभे राहावे, अशी माझी इच्छा आहे. तिने प्यायलाच हवे असे नाही. मध्ये भिंत आहे, एकमेकांचे तोंड पाहावे लागणार नाही.

मार्लीस, तू नाही म्हणालीस तरी घर तुझेच. घराचा धाक दाखवून मला काही करून घ्यायचे नाही. फक्त मग फ्रिज भंगारात दे, बंद ठेवू नकोस. बंद ठेवला की आत काय होते ते मी पाहिले आहे.

६. माझ्या अंत्यविधीला डब्यातली बिअर आणू नये. खाली पिंप भरलेले असेल. पहिला ग्लास फेसाचाच निघेल. तो ओतून द्यावा, थोडे थांबावे आणि भिंतीतून पुन्हा हाक मारावी.

(सही) आर्डिस फोलब्रेख्ट

आम्हा दोघांदेखत सही केली. आम्हाला यातले काही मिळणार नाही.

साक्षीदार:
(सही) हिल्डेगार्ड कुख्टा, शेजारीण
(सही) रूफस थील, पोस्टमन

शेबॉयगन, ४ मार्च २०१९