दुसरा गोंडा

शेतवस्ती, ता. भोकरदन
१० ऑगस्ट, रविवार

प्रिय अक्का,

पाया पडतो. तिकडं आष्टीला दाजी आणि छोटा भागवत मजेत असतील. इकडं माय-बापू बरे आहेत. माय माझ्याकडून गुडघ्याला तेल चोळून घेते आणि मलाच शिव्या घालते, म्हणजे तब्येत चांगलीच म्हणायची.

तुझं पार्सल शुक्रवारीच पोचलं. राखी काल मायनं तुझ्या नावानं बांधली. लाडू फुटले होते, पण भुगासुद्धा उरला न्हाई. आणि पोळ्यासाठी तू विणलेले चांद्याच्या शिंगांचे दोन गोंडे. लाल-पिवळा रंग लई उठून दिसतो.

कपाशी मांडीला लागली. शेळीला दोन पिल्लं झाली, एक माझ्यासारखंच आडमुठं आहे. गोठ्याची भिंत मी चुन्यानं पोतारली. चित्रकलेचं कॉलेज सोडून आल्यापासून दीड वर्ष ब्रशला हात लावला नव्हता, परवा लावला. ते पुढं लिहितो.

तू फोनवर "चांद्या कसाय?" विचारतेस आणि मी "माय बोलती बघ" म्हणून फोन तिच्या हातात देतो. व्हिडिओ लाव म्हणालीस तर रेंज न्हाई म्हणालो. रेंज बराबर होती, अक्का. म्हणून तर पत्र लिहून राह्यलो. पोळ्याला तू येशील तेव्हा दारातच दिसेल. त्याच्या आधी तुला माझ्याकडून कळावं.

चांद्याला आता एकच शिंग आहे. डावं गेलं. माझ्यामुळं गेलं.

आषाढात कोळपणी चालली होती. चांद्याला एकट्यालाच कोळप्याला जुंपलं होतं. तासाच्या शेवटी मोबाइल पाहिला, तर रितिकाच्या साखरपुड्याचा फोटो. रितिका तुला माहीत न्हाई. जालन्याच्या पुखराज शेठची, कापडवाल्यांची मुलगी, माझ्या वर्गात होती. सर नीट शिकवत न्हाईत म्हणून कॉलेज सोडलं, असं मी घरी सांगितलं ते बिलकुल खोटं. माझ्या वहीत तिची चित्रं पाहून एकजण हसला, मी त्याचं नाक फोडलं. सर माफी माग म्हणाले, तर बॅग उचलून निघून आल्तो. भांडण कशावरून झालं हे तिला आजपण ठाऊक न्हाई. एकदा तिनं मला शेंदरी रंगाची ट्यूब दिल्ती, "घे, माझ्याकडे दोन आहेत" म्हणून. एवढंच आमचं सगळं. ती ट्यूब मी फोडलीपण न्हाई.

तर माझं डोकं फिरलं. तेवढ्यात चांद्यानं कपाशीचा शेंडा खाल्ला. तोंडाचं मुसकं सैल होतं, ते बांधलं होतं मीच. काठीनं हाणलं त्याला. किती वेळा, ते सांगता येत न्हाई. त्याची माय मेल्यावर तू बाटलीनं दूध पाजून ज्याला जगवलं, बापूंनी ज्याच्यावर कधी काठी उगारली न्हाई, त्याला. तो कोळप्यासकट उधळला आणि बांधावरच्या बाभळीच्या बेचक्यात शिंग अडकलं. पुढचा आवाज मला लिहिता येत न्हाई.

बापू पळत आले. मला वाटलं, आता माझी बारी. ते फक्त "पाणी आण" म्हणाले. डोक्याचं उपरणं सोडून त्यांनी शिंगाला दाबून धरलं. भोकरदनचे डॉक्टर आले, उरलेलं शिंग कापून पट्टी केली. गावाला बापूंनी सांगितलं, पळता पळता अडकलं. माझं नाव घेतलं न्हाई, अजून घेत न्हाईत.

मलमपट्टी रोज मीच केली. मी दिसलो की चांद्या दावं ताणून मागं सरायचा. बापू त्याला धरायचे. एक दिवस म्हणाले, "आता मी धरणार न्हाई. त्याला तुझी भीती बसलीय, ती माझ्या हातानं कशी जाईल?" मंग मी नुसता जवळ बसायला लागलो. दोन आठवडे गेले. एका सकाळी मलम लावताना तो हलला न्हाई. माझ्या मानेवर फुर्रकन श्वास सोडला, तेवढंच. अक्का, कॉलेजात मला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हापण असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर ब्रश धरला. गेरूनं गोठ्याच्या भिंतीवर चांद्या काढला, दोन्ही शिंगांचा. तुला त्याचाच फोटो पाठवून पोळ्यापर्यंत निभावून न्यावं असा विचार होता. माय शेण काढता काढता थांबली. म्हणाली, "भिंतीवर चितारलं म्हून डोक्यावर उगवतंय व्हय रे?" मी चुना घेतला आणि डावं शिंग पुसलं. आता बराबर दिसतो.

शेजारचे सर्जेराव काका परवा बापूंना म्हणाले, "भुजंगा, शिंगमोडा बैल तोरणाखाली नेत नसतेत." बापू म्हणाले, "तुझे समदे दात पडले, तरी तू पंगतीला पहिला बसतूस का न्हाई?" चांद्या या वर्षीही सगळ्यात मोहरं जाणार आहे. त्याच्या शिंगाला लावायला मी ती शेंदरी ट्यूब काढून ठेवली.

मला कॉलेजला पाठवावं म्हणून तू बापूंशी भांडली होतीस. "चित्रं काढू द्या, तेवढाच त्याचा राग उतरल," म्हणाली होतीस. मी ते वाया घातलं, आणि लाजेनं तुला कधी चांगले दोन शब्द बोललो न्हाई. आज बोलतो. तुझे उपकार आहेत, अक्का. बापूंचे आहेत. चांद्याचे तर लई आहेत.

दोनपैकी एक गोंडा या पाकिटात परत पाठवतो. येताना घेऊन ये. चांद्याच्या गळ्यात बांधायचा का माझ्या तोंडावर फेकायचा, ते तू ठरव.

खांदेमळणीला बैलांचे खांदे चोळून आपण म्हणतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. चांद्याला ते म्हणायचं तोंड मला अजून न्हाई. तू आलीस तर तुझ्या मागं उभा राहून म्हणेन.

वाट पाहणारा,
एका गोंड्याचा धनी,
तुझा कल्याण